कॉम्प्युटर सुरू होईना? आधी पाट धरून चाला



आपल्या गटांचे हिशेब आता नोंदवहीबरोबर कॉम्प्युटरवरही चढतात. बऱ्याच ग्रामसंघांच्या, प्रभाग संघांच्या ऑफिसात टेबलावर एक कॉम्प्युटर येऊन बसला आहे. तो कसा चालवायचा, हे आज सांगणार नाही. तो सुरूच झाला नाही तर काय करायचं, एवढंच सांगणार आहे. हा विषय घेण्यामागं एक कारण आहे आणि त्यात चूक माझी आहे. म्हणून आधी तीच गोष्ट सांगते.

मे महिन्याचा शेवट होता. आमच्या ऑफिसात तीन गटांचे कर्जप्रस्ताव तयार होत होते. मृगाच्या आधी पैसे हातात आले तर बी-बियाणं, खत वेळेवर मिळतं, नाहीतर पुन्हा सावकाराचं दार. बुधवारी कागद बँकेत द्यायचे होते. सोमवारी सकाळी आमच्या ऑपरेटरनं बटण दाबलं आणि कॉम्प्युटर ढिम्म. लाईट नाही, आवाज नाही, आतला पंखा फिरत नाही. ही ऑपरेटर म्हणजे गावातलीच बावीस वर्षांची सून. बारावी झालेली, घरच्यांची समजूत काढून कामाला यायला लागलेली. मी दारातून आत आले आणि पहिलंच वाक्य बोलले, "काय दाबलंस तू?"

एवढं वाक्य पुरलं. दुपारपर्यंत गावभर झालं की हिनं कॉम्प्युटर जाळला. संध्याकाळी तिची सासू येऊन म्हणाली, "भरपाई मागाल तर आमच्याकडं काही नाही. उद्यापासून ती यायची नाही."

मंगळवारी आम्ही दोघीजणींनी कॉम्प्युटरचा डबा, म्हणजे ज्याला आपण सगळ्या सीपीयू म्हणतो तो, गोधडीत गुंडाळला आणि वडापच्या जीपनं तालुक्याला नेला. दुकानदारानं फोनवरच सांगून टाकलं होतं, "मदरबोर्ड गेला असणार, घेऊन या." दुकानात त्यानं त्याच्या टेबलावरची केबल लावली, बटण दाबलं, आणि आमचा कॉम्प्युटर लगेच सुरू झाला! तपासणीचे दोनशे रुपये, दोघींचं जीपभाडं आणि अर्धा दिवस गेला. तरी आनंदानं परत आलो, जागेवर ठेवला, बटण दाबलं. पुन्हा ढिम्म.

ऑफिसात आमच्या एक आक्का बसल्या होत्या. सहीपुरतं शिकलेल्या, पण विहिरीवरची मोटर रात्री-अपरात्री त्याच चालू करतात. त्या म्हणाल्या, "अगं, तिथं चालतो आणि इथं चालत नाही, मग दुखणं त्याचं नाही, इथलं आहे. शेतात पाणी आलं नाही म्हणून कुणी पिकाला बोल लावतं का? पाट धरून विहिरीकडं चालत जायचं. कुठं फुटलाय ते दिसतं."

त्यांनी आपल्या मोबाइलचा चार्जर घेतला. भिंतीवरच्या बोर्डात लावला, मोबाइल चार्ज व्हायला लागला. तोच चार्जर यूपीएसच्या मागच्या सॉकेटमध्ये लावला, तर मोबाइल गप्प. पाट तिथं फुटला होता. यूपीएसच्या मागं एक लहान काळं बटण बाहेर आलेलं होतं. ते आत दाबलं, यूपीएसनं 'टूं' केलं आणि कॉम्प्युटर सुरू झाला. फुकटात.

आता ते बटण उडालं कशानं? शनिवारच्या बैठकीला चहासाठी इलेक्ट्रिक किटली आणली होती. मोकळं सॉकेट दिसलं म्हणून ती मीच यूपीएसवर लावली. किटली काही तापली नाही. बैठक बाहेर ओट्यावर होती, म्हणून मला वाटलं लाईट गेली असेल, आणि मी विषय सोडला. ऑफिसात साधारण असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साडेतीनशे वॅटच्या आसपास भार पेलतो. किटली एकटी हजार-दीड हजार वॅट ओढते. यूपीएसनं स्वतःला वाचवण्यासाठी वाट तोडली. त्याची बॅटरीही जुनी, तीही दमली. आणि बोल लागला त्या मुलीला.

म्हणून आज आक्कांचा तो पाट मी तुम्हाला पायरीपायरीनं दाखवते. वहीत लिहून घेतलंत तर बरं.

पहिला प्रश्न: मेलाय की नुसता अंधार आहे?

"कॉम्प्युटर बंद पडला" म्हणणं म्हणजे दवाखान्यात जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणण्यासारखं आहे. कुठं दुखतंय ते सांगायला हवं. सीपीयूचं बटण दाबल्यावर त्याच्यावरचा दिवा लागतो का? मागं हात धरला तर पंख्याचा वारा लागतो का? दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी आहे, तर वीज पोचली आहे. मग दुखणं स्क्रीनचं, तिच्या केबलचं किंवा सीपीयूच्या आतल्या रॅमचं असू शकतं. स्क्रीनचा दिवा पिवळा किंवा लुकलुकता असेल, तर स्क्रीन जिवंत आहे, फक्त सीपीयूकडून तिला काही येत नाही. दोघांमधली केबल दोन्ही टोकांना नीट दाबून बघा.

दिवा नाही, वारा नाही, आवाज नाही, तर वीजच पोचत नाही. मग पाट धरून चालायचं. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बटण दाबल्यावर दिवाच लागत नसेल तर ते व्हायरसचं काम नाही. व्हायरस हा वीज आल्यानंतरचा प्रश्न आहे. तेव्हा "हिनं पेन ड्राइव्ह लावला म्हणून झालं" असं म्हणून कुणालाही धारेवर धरू नका.

भिंतीपासून सुरुवात

ओले हात पुसा, पायात चप्पल घाला. मग भिंतीवरच्या बोर्डात मोबाइलचा चार्जर लावून बघा. चालत नसेल तर मीटरजवळचा एमसीबी पडला आहे का बघा. बल्ब मिणमिणता असेल, पंखा हळू फिरत असेल, तर व्होल्टेज कमी आहे. तेव्हा कॉम्प्युटर सुरू करायची घाई करू नका. सॉकेट काळवंडलेलं असेल, प्लग सैल बसत असेल, ठिणगी दिसत असेल, तर ते वायरमनचं काम. तिथं कॉम्प्युटर लावूच नका.

पुढं एक्स्टेंशन बोर्ड. त्याचा स्वतःचा स्विच चालू आहे का? झाडताना केरसुणी लागून तो बंद झालेला असतो, हे मी अनेक ऑफिसांत पाहिलं आहे. इथंही चार्जर लावून बघा.

मग यूपीएस. लाईट गेल्यावर कॉम्प्युटर लगेच बंद पडू नये, हातातलं काम जतन करायला थोडा वेळ मिळावा, यासाठी तो असतो. त्याच्या पोटात बॅटरी असते आणि ती साधारण दोन-तीन वर्षांत थकते. यूपीएसचं पुढचं बटण दाबून ठेवा. दिवा लागत नसेल तर मागं बघा. आमच्यासारखं बाहेर आलेलं बटण असेल तर आधी यूपीएसवरचं सगळं काढा, मग ते आत दाबा. काही यूपीएसला काचेचा लहान फ्यूज असतो. तो गेला असेल तर त्याच नंबरचा घालायचा. तांब्याची तार गुंडाळून भागवायचं नाही. मोटरच्या पेटीत आपण तसं करतो, तेही चूकच आहे.

यूपीएसवर संशय असेल तर सोपी परीक्षा आहे. यूपीएस बाजूला ठेवा आणि सीपीयूची केबल थेट भिंतीच्या चांगल्या सॉकेटमध्ये लावा. सुरू झाला, तर दुखणं यूपीएसचं. त्या दिवसापुरतं काम होऊन जातं, फक्त मधूनमधून जतन करत राहा. आम्ही सोमवारी हे एवढं केलं असतं तर तालुक्याची फेरी वाचली असती.

केबल आणि मागचं बटण

भिंतीकडून सीपीयूकडं येणारी काळी जाड केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवा. बऱ्याच स्क्रीनला अगदी तशीच केबल असते. दोन्ही केबलींची अदलाबदल करून बघा. सीपीयू सुरू झाला आणि स्क्रीन बंद पडली, तर केबल खराब आहे, कॉम्प्युटर नाही. उंदरानं कुरतडलेली किंवा टेबलाच्या पायाखाली चेंगरलेली केबल चिकटपट्टी लावून वापरू नका, बदला.

केबल सीपीयूच्या मागं जिथं शिरते तिथं एक लोखंडी डबा बसवलेला असतो. त्याला एसएमपीएस म्हणतात. आपल्या घरात येते ती वीज २३० व्होल्टची. कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना एवढी वीज सोसत नाही. हा डबा ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टवर आणून आत वाटून देतो. मोठ्या पाटाचं पाणी सऱ्यांमध्ये सोडावं तसं. या डब्यावर बहुधा एक स्विच असतो. त्याच्या एका बाजूला आडवी रेघ आणि दुसऱ्या बाजूला गोल. रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. टेबल सरकवताना तो चुकून बंद होतो.

काही जुन्या डब्यांवर याशिवाय एक लहान लाल सरकपट्टी असते. तिच्यावर २३० आणि ११५ असे आकडे असतात. तो आकडा आपल्याकडं नेहमी २३० च दिसला पाहिजे. ११५ वर सरकवून सुरू केला तर मोठा आवाज होऊन डबा जळतो. तिला हात लावू नका आणि मुलांनाही लावू देऊ नका.

अर्ध्या मिनिटाचा उपाय

एवढं करूनही ढिम्म असेल तर हे करा. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, माऊस, कीबोर्ड, स्क्रीन, सगळ्या वायरी काढा. विजेची केबलही काढा. आता केबल नसतानाच सीपीयूचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. आत उरलेली वीज त्यानं निघून जाते. पाच मिनिटं थांबा. मग फक्त विजेची केबल लावून बटण दाबा. व्होल्टेज वर-खाली झालं की एसएमपीएस कधीकधी स्वतःला बंद करून घेतो आणि वीज पूर्ण तुटल्याशिवाय पुन्हा उठत नाही. तो अशानं उठतो. सुरू झाला तर बाकीच्या वायरी एकेक करून लावा. एखादी लावल्यावर पुन्हा बंद पडला, तर चोर सापडला.

बटणही बघा. धुळीनं आत रुतून बसलं असेल तर ते दाबलं जाऊनही काम करत नाही.

इथं थांबायचं

आपला पाट इथं संपतो. पुढचं काम मेकॅनिकचं. एसएमपीएसचा डबा कधीही उघडायचा नाही. केबल काढल्यावरही त्याच्या आत वीज साठून राहते आणि जोराचा झटका बसू शकतो. जळका वास आला, धूर दिसला, फटकन आवाज झाला, तर पुन्हा सुरू करून बघू नका. आधी भिंतीवरचा स्विच बंद करा, मग प्लग काढा.

सीपीयूची बाजूची पत्री मेकॅनिकच्या समोरच उघडा, पण उघडल्यावर जवळ उभ्या राहून बघा. आत धूळ, मुंग्या, कधी मेलेली पालसुद्धा निघते. रॅमची पट्टी काढून, साध्या खोडरबरानं पुसून परत बसवली की काही वेळा काम भागतं, आणि ते नव्या मदरबोर्डाचं काम नसतं. आत नाण्यासारखा एक गोल सेल असतो. तो संपला की बहुतेक वेळा कॉम्प्युटर सुरू होतो, पण तारीख चुकीची दाखवतो. आपल्या हिशेबात तारीख चुकली म्हणजे हप्ताच चुकला. तेव्हा तारीख मागं गेलेली दिसली की तो सेल बदलायला सांगा. सेल स्वस्त असतो.

मेकॅनिकशी कसं बोलायचं

"बंद पडलाय, या" एवढंच म्हटलं की समोरचा वाटेल ते सांगू शकतो. आपण काय काय तपासलं ते सांगितलं की तोही नीट ऐकतो.

कॉम्प्युटर दुकानात न्यावाच लागला तर चार गोष्टी करा. सीपीयूवरचा नंबर लिहून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढा. दुकानदाराकडून पोच घ्या आणि त्यावर लिहून घ्या, "विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये." एखादा भाग बदलला तर जुना भाग परत मागा. आणि पक्कं बिल घ्या, कारण ते पैसे संघाचे आहेत आणि बैठकीत दाखवायचे आहेत.

"माझ्या गटाचा सगळा हिशेब गेला का?" हा प्रश्न त्या सोमवारी आम्हाला दहा बायकांनी विचारला. घाबरू नका. हिशेब हार्ड डिस्क नावाच्या वेगळ्या भागात असतो. वीज पोचली नाही म्हणजे हिशेब पुसला असं होत नाही. कपाटाची किल्ली हरवली म्हणून आतल्या साड्या जात नाहीत. फॉरमॅट करणं म्हणजे मात्र कपाट रिकामं करणं, म्हणून ते लिहून घ्यायचं. आणि हार्ड डिस्कही कधी ना कधी जाऊ शकते. त्यामुळे दर शनिवारी हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो पेन ड्राइव्ह दुसरीकडं, संघाच्या पेटीत ठेवा. नोंदवही तर सोडायचीच नाही.

दुखणं येऊच नये म्हणून

सीपीयूच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात का? मग अर्थिंग नाही किंवा बिघडलं आहे. प्लगची वरची जाड पिन अर्थिंगची असते. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून ती तोडू नका. मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा. कोरड्या मातीतून वीज नीट उतरत नाही.

वळवाचं आभाळ भरून आलं की नुसता स्विच बंद करून भागत नाही. भिंतीतून प्लग काढा आणि इंटरनेटची वायरही काढा. वीज त्या वायरीनंही आत येते. सीपीयू जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा आणि भिंतीपासून वीतभर लांब. पंख्याला हवा मिळू दे. त्याच्यावर टॉवेल, रुमाल घालून झाकायचं ते काम संपल्यावर, चालू असताना नाही. आणि यूपीएसवर किटली, इस्त्री, शेगडी, लेसर प्रिंटर काही लावायचं नाही. हे मी सांगते आहे, म्हणजे अनुभवानंच सांगते आहे.

आता त्या मुलीचं. मंगळवारी संध्याकाळीच मी आणि आक्का तिच्या घरी गेलो. सासूसमोर, शेजारणींसमोर मी सांगितलं की चूक माझी होती, तिची नव्हती. एकटीला कोपऱ्यात घेऊन माफी मागून चाललं नसतं, कारण बोल मी चारचौघींत लावला होता. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चहा घेता का?" बुधवारी सकाळी सहा वाजता ती मुलगी ऑफिसच्या दारात उभी होती. बँक बंद व्हायच्या आत तिन्ही गटांचे कागद पोचले.

पुढच्या पावसाळ्यात आमचा कॉम्प्युटर खरोखर बिघडला. या वेळी मी गावात नव्हते. तिनं एकटीनं सगळा पाट चालून बघितला आणि मेकॅनिकला फोन केला, "भिंतीत लाईट आहे. यूपीएस चांगला आहे. थेट भिंतीला लावून बघितलं. केबल बदलून बघितली. मागचा स्विच चालू आहे. अर्धा मिनिट बटण दाबून झालं. तरी पंखा हलत नाही." मेकॅनिक एसएमपीएस बरोबर घेऊनच आला. अर्ध्या तासात काम झालं, एकाच फेरीत.

तिनंच मग एक कागद लिहून आमच्या भिंतीवर लावला आहे. तो तुम्हीही उतरवून घ्या:

१. दिवा, पंखा, स्क्रीन: काय चालू, काय बंद, ते लिहा.
२. भिंतीच्या सॉकेटमध्ये चार्जर लावून बघा.
३. एक्स्टेंशन बोर्डाचा स्विच बघा, तिथंही चार्जर लावा.
४. यूपीएसचा दिवा आणि मागचं बटण बघा.
५. यूपीएस सोडून थेट भिंतीला लावा.
६. केबलींची अदलाबदल करा.
७. सीपीयूच्या मागचा स्विच रेघेवर आहे का बघा.
८. सगळ्या वायरी काढून बटण अर्धा मिनिट दाबा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा लावा.
९. जळका वास आला तर काहीही करू नका. प्लग काढा.
१०. मग मेकॅनिकला फोन करा आणि वरचं सगळं सांगा.

सगळ्यात खाली तिनं लाल पेनानं एक ओळ लिहिली आहे. "काय दाबलंस, असं कुणालाही विचारू नये. काय दिसतंय, ते विचारावं." ती ओळ माझ्यासाठी आहे, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे.

आज इथंच थांबते. नमस्कार.